ओल्या खडकावरचे कोरडे पाय

या सदरातले अनुभव माझी बायको नेमाने वाचते. मी तिच्या खांद्यावरून वाचून हसायचो, हे आधीच कबूल करतो. हसायला कारणही होतं. अलिबागला माझा फोटो स्टुडिओ आहे, सव्वीस वर्षं झाली. वर्षातून दोन-तीनदा तरी कोणीतरी फोटो घेऊन यायचं... भाऊ, हे बघा, हळदीच्या फोटोत मागे कोण उभं आहे. मी बघायचो. फ्लॅशमध्ये चमकलेली धूळ असायची, नाहीतर खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, नाहीतर लेन्सवर कोणाच्या तरी बोटाचा तेलकट ठसा. मी नीट समजावून सांगायचो, चहा पाजायचो आणि माणूस पायरी उतरला की हसायचो. कॅमेरा काही बोलत नाही, तो फक्त उजेड मोजतो, असं माझं म्हणणं होतं. आजही तेच आहे. म्हणूनच पुढचं जे घडलं ते माझ्या डोक्यात कुठे बसत नाही.

कोणाला घाबरवावं म्हणून मी हे लिहीत नाही. यात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे आणि ती वगळून अनुभव सांगता येत नाही. तसा प्रयत्न केला, तीनदा लिहून फाडलं. माणसांची नावं बदलली आहेत. जागा बदललेली नाही.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की मुरूडचा रस्ता समुद्राला धरून जातो. कोर्लई मागे पडल्यावर एका वळणावर उजव्या हाताची सुरूची झाडं संपतात आणि काळा खडक पाण्यात शिरलेला दिसतो. म्हणजे भरतीला काहीच दिसत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, सकाळी साडेसहा-सातला, पाणी इतकं मागे जातं की सगळा खडक उघडा पडतो. त्यातला सर्वांत बाहेरचा खडक सपाट आहे. कालवं काढणाऱ्या बायका त्याला 'पाट' म्हणतात. पाट आणि किनाऱ्याकडचे खडक यांच्यामध्ये एक घळ आहे. ओहोटीला तिच्यात घोट्याएवढं पाणी असतं. भरती लागली की आधी ती घळ भरते. पाटावर उभ्या असलेल्या माणसाला समोरचं पाणी वाढलेलं जाणवायच्या आत त्याची मागची वाट गेलेली असते.

पोटासाठी मी लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो काढतो. हे खडकांचे फोटो मात्र माझे स्वतःचे होते. या किनाऱ्यावर लोक संध्याकाळी येतात, लाल सूर्य काढतात आणि जातात. मला सूर्य नको होता. मी सकाळी जायचो, सूर्य मागच्या डोंगराआड असताना. तेव्हाचा उजेड खडकावरून आडवा सरपटत येतो, प्रत्येक खाचेला वेगळी सावली देतो. क्षितिज मी फ्रेमच्या बाहेर ठेवायचो. लेन्सवर इतका काळा फिल्टर लावायचो की त्यातून डोळ्याला काही दिसत नाही, आणि मग चार मिनिटांचं एक्स्पोजर. चार मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहिला की लाटा पुसल्या जातात, त्यांचं धुकं होतं. हलणारं सगळं नाहीसं होतं... कावळा, कुत्रा, चालत गेलेला माणूस. जे जागचं हलत नाही तेवढंच उरतं. खडक ढगांतून वर आलेल्या डोंगरांसारखे दिसतात. किती मोठे, किती लांब, काही कळत नाही.

त्या न कळण्यात मला एक माणूस हवा होता. पाठमोरा, लहान, चार मिनिटं न हलणारा. भाच्याला उभं केलं, तो धूर झाला. एका मित्राला उभं केलं, त्याचं डोकं धूर झालं. शेवटी मला हिरामावशी मिळाल्या.

मावशी साठीच्या पुढच्या. अंगाने काटक, नऊवारी गुडघ्यावर कसलेली, हातात छोटी कोयती. खडकाला चिकटलेली कालवं फोडून आतलं मांस काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बरोबर सात-आठ बायका असायच्या. पण पाटावर मावशी एकट्या जायच्या, आणि त्याला कारण होतं. या बायका कामाला वाकल्या की समुद्राकडे पाठ करतात. घड्याळ कोणी बघत नाही. पाणी फिरलं, म्हणजे ओहोटी संपून भरती लागली, हे सांगायचं काम एकीचं. तिने पाटावरून हाक द्यायची, "पानी फिरला गो..." आणि ती हाक आली की हातातलं अर्धं फोडलेलं कालव टाकून सगळ्यांनी उठायचं. वाद नाही, 'थांब गं जरा' नाही. पंचवीस वर्षं ती हाक मावशींची होती. त्यांच्या आधी त्यांच्या सासूची होती.

पाणी फिरलेलं कसं कळतं, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी मला खडकाच्या फटीतलं शेवाळ दाखवलं. ओहोटीत ते समुद्राकडे झोपलेलं असतं. पाणी फिरायला लागलं की आधी उभं राहतं, मग किनाऱ्याकडे झोपतं. ते उभं राहिलं की हाक द्यायची, झोपेपर्यंत थांबायचं नाही. त्यांची मुलगी रंजना, पस्तिशीची, ती हे शिकत होती. आईच्या मागे हाक तिची होणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

मावशी मला खूप चिडवायच्या. सगळा गाव सूर्य बघायला येतो आणि हा सूर्याला पाठ करून उभा राहतो, म्हणायच्या. पहिल्यांदा पाठमोरं उभं राहायला सांगितलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माजा थोबडा नको तर फोटो कशाला काढतोस? लुगड्याचा काढतोस काय?"

पण उभ्या अशा राहायच्या की बास. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. श्वास घेतात की नाही अशी शंका यावी. दोन वर्षांत मी त्यांना घेऊन चाळीस-पन्नास फ्रेम तरी केल्या असतील. त्यातली एक मुंबईच्या एका प्रदर्शनात लागली. भिंतीवर, नावासकट. पन्नाशीला आलेल्या लग्नाच्या फोटोग्राफरला ते काय वाटलं असेल ते इथे लिहीत बसत नाही. आयोजकांनी पुढच्या प्रदर्शनासाठी आणखी तीन मागितल्या. दोन तयार होत्या. तिसरी मला हवी तशी होत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पावसाळा संपलेला, पण समुद्र अजून शांत झालेला नव्हता, फुगून येत होता. उजेड मात्र तसा मी पुन्हा पाहिला नाही. पातळ ढगांतून गाळून आलेला, करडा, खडकाच्या प्रत्येक खड्ड्यात साचलेला. मी पाटाच्या किनाऱ्याकडच्या टोकाला, जरा उंचवट्यावर ट्रायपॉड लावला होता. मावशी पुढे, पाण्याच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून. बाकीच्या बायका माझ्या मागे, घळीच्या पलीकडे, वाकून कामात. रंजना त्या दिवशी तापाने घरी होती.

पहिली फ्रेम हलली. दुसरी लावताना मावशींनी खाली पाहिलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "दादा, पानी फिरतंय. हाक देते."

हाक द्यायची तर त्यांना वळावं लागणार, तोंडाशी हात धरावे लागणार. मग बायका उठणार, बडबडत टोपल्या उचलणार, मावशीही निघणार आणि तो उजेड संपणार. मी म्हणालो, "मावशी, चारच मिनिटं. हाक मग द्या. हलू नका."

मावशी तशाच उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं.

आता जे सांगतो ते जवळजवळ दीड वर्ष कोणाला सांगितलं नव्हतं. एक्स्पोजर चालू असताना मी मोबाईलवरच्या आकड्यांकडे बघत होतो. अर्ध्याहून जास्त वेळ गेला असेल. पाण्याचा आवाज बदलला, तेवढं कळलं. मग एकदम मोठा फवारा अंगावर आला. मी काय केलं? मी ट्रायपॉडला मिठी मारली. कॅमेरा हलू नये, भिजू नये म्हणून त्याच्यावर पालथा वाकलो, समुद्राकडे पाठ करून. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं आणि ओसरलं. मी मान वर केली तेव्हा पाट रिकामा होता. धुतल्यासारखा, काळा, चकचकीत.

मी हाका मारल्या. कडेपर्यंत गेलो. पुढची लाट आली तेव्हा मागे पळालो. घळ तोवर कंबरेला लागत होती. पलीकडे बायकांची पळापळ चालली होती. एकीच्या गुडघ्याला मोठी जखम झाली होती, टोपल्या वाहून गेल्या होत्या. सगळ्या एकच म्हणत होत्या, हिरानं हाक दिली नाय, हाक कशी दिली नाय.

त्यांनी मला विचारलं, तू कुठे होतास. मी म्हणालो, मी माझं काम आटपून सामान आवरत होतो, माझं लक्ष नव्हतं. पोलिसांनाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी कोर्लईच्या बाजूला सापडल्या.

कॅमेऱ्यात ती फ्रेम होती. चार मिनिटं पूर्ण झालेली. त्यात मावशी होत्या, पण आरपार. त्यांच्यातून मागचं पाणी दिसत होतं. आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल, माणूस जेवढा वेळ उभा असेल तेवढा दाट उमटतो. मी बघून अंदाज केला, अडीच मिनिटं तरी. त्यांचं तोंड समुद्राकडे होतं. म्हणजे त्यांना येणारं दिसत होतं. त्या माझ्या सांगण्यामुळे उभ्या राहिल्या की पळायला वेळच मिळाला नाही, हे त्या फोटोवरून कळत नाही. मी तो पुसून टाकला.

गावात ठरलं ते असं, की हिराचा अंदाज त्या दिवशी चुकला. वय झालं होतं, कालवांच्या नादात पाणी फिरलेलं कळलंच नाही. पंचवीस वर्षं जिच्या एका हाकेवर सात-आठ घरं विसंबली, तिच्याबद्दल हे बोललं गेलं. महिनाभराने रंजना पाटावर जायला लागली. तिने हाक दिली की बायका एकमेकींकडे बघायच्या, मग स्वतः पाणी बघायच्या आणि मगच उठायच्या. एकदा तर एकजण तिच्या तोंडावर म्हणाली म्हणे, तुझ्या आयला कळलं नाय, तुला काय कळणार. हे मला रेवदंड्याच्या बाजारात एका मासेवालीकडून समजलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंजनाने खडकावर जाणं सोडलं. आता ती पर्यटकांच्या एका कॉटेजमध्ये चादरी धुते. मी एक वाक्य खरं बोललो असतो तर यातलं काही झालं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी त्या प्रदर्शनाला फोटो पाठवले नाहीत. कॅमेरा दोन-तीन महिने बाहेर काढला नाही. मग पौष महिन्यात किहीमला गेलो. मुद्दाम उत्तरेला, त्या जागेपासून लांब. म्हटलं हात तरी चालू राहील. ओहोटी होती, ओला काळा खडक, फ्रेममध्ये एकही माणूस नाही. चार मिनिटं झाली, मागच्या पडद्यावर फोटो आला.

खडकावर दोन फिकट डाग होते.

ओला खडक काळा दिसतो आणि वाळला की राखाडी, हे आपल्याला माहीत आहे. ते दोन डाग तसे होते, वाळलेल्या खडकाचे. मी मान वर करून पाहिलं. समोर सगळा खडक ओला. जवळ जाऊन हात फिरवला, ओला. परत फ्रेम घेतली, पुन्हा डाग. मोठं करून पाहिलं तर टाच दिसत होती, पुढे बोटांचे गोल. दोन पावलं, शेजारी शेजारी, बोटं समुद्राकडे. जसं काही पाऊस पडत असताना तिथे कोणी उभं होतं आणि त्याने आत्ताच पाय उचलले.

मी मघाशी सांगितलं ना, की लोकांना धूळ आणि तेलकट बोटं दाखवायचो. मी स्वतःलाही तेच दाखवलं. सेन्सर साफ केला. लेन्स बदलली. दुसरा कॅमेरा आणला. जुना रोलचा कॅमेरा कपाटातून काढला, फिल्म मुंबईला धुवायला पाठवली. तिच्यातही होते. एका मिनिटाच्या एक्स्पोजरला काही नसायचं, दोनला नाही. चारला असायचे. आणि एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर लागला. ते दर वेळी वेगळ्या जागी असायचे, पण फ्रेममध्ये जिथे मी माणूस उभा केला असता, नेमके तिथे.

माझा एक मित्र आहे, आरिफ. मूळचा मुरूडकडचा, बारा वर्षं मस्कतला फोटो लॅबमध्ये होता, आता रेवदंड्याला दुकान आहे. फोटोतलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला मी काही न सांगता नुसते फोटो दाखवले. तो आधी थट्टा करत होता, फिल्टर कुठल्या रद्दीत मिळाला, वगैरे. मग एकेक फोटो मोठा करून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खडकावर गेलो. माझ्याच कॅमेऱ्यावर त्याने स्वतःची फ्रेम लावली. चार मिनिटं... स्वच्छ. मग मी फ्रेम लावली, बाजूला झालो आणि बटण त्याने दाबलं. पावलं आली. असं आम्ही पाच वेळा केलं. पाचव्या वेळेनंतर त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला, खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"भाई, मशीन ठीक आहे," तो म्हणाला. "तू काय केलंयस ते मी विचारत नाही. पण ज्याचं आहे त्याला जाऊन सांग. मला नको सांगूस."

तरी मला जायला सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात मी फोटो काढत राहिलो. आता खरं सांगतो, मी ती पावलं बघायलाच जायचो. मला वाटायचं, मावशी आहेत. रागावलेल्या असतील, हिशेब मागत असतील, पण आहेत. मी फ्रेम लावतो आणि त्या अजूनही येऊन उभ्या राहतात. एकटा असलो की मी त्यांच्याशी बोलायचो. मावशी, सांगतो रंजनाला, या अमावस्येला सांगतो. मग ती अमावस्या जायची.

या वर्षी शिमग्याच्या आधी गेलो. दुपारचे तीन-साडेतीन. रंजना ओट्यावर जवळा वाळत घालत होती. मला बघून तिने हात पुसले, खुर्ची दिली, पाणी दिलं, काका, लय दिवसांनी, असं म्हणाली. तिच्या आईच्या दिवसांना मी गेलो होतो, त्याची आठवण काढली. मी पाणी प्यायलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवाळ, "हाक देते", चार मिनिटं, ट्रायपॉड, पुसलेला फोटो.

ती खाली बसून जवळा पसरत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तिला कलला होता."

"हो."

"हाक तोंडात होती."

"हो. मी थांबवली."

"आनि ती थांबली." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मग चुकलीच असती तर बरा झाला असता, काका. चुकली म्हनून रडले मी. आता हे घेऊन काय करू?"

मी म्हणालो, मी बायकांसमोर सांगतो, पोलिसांकडे जातो, लिहून देतो. ती म्हणाली, पाणी आता मोबाईलवर बघतात, कोणाला कोणाची हाक लागत नाही. खडकावर जाणाऱ्याही तिघीच उरल्यात. तुम्हाला सांगायचं तर सांगा. तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती थकलेली होती. संध्याकाळी तिला कॉटेजवर परत जायचं होतं.

निघताना मी ते केलं जे करायला नको होतं. माझी समजूत होती की हे तिला हवं असेल, की आई कुठेतरी आहे हे कळलं तर तिला काही मिळेल. मी खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. सगळ्यांत स्पष्ट आलेला. ही पावलं बघ, म्हटलं. तुझी आई अजून येते. माझ्याकडे येते.

तिने मोबाईल हातात घेतला. जवळ धरला, दोन बोटांनी मोठा केला. दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"हे आयचे नाहीत."

मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही.

"आयच्या उजव्या पायाला शेवटची दोन बोटं नव्हती. मी चौथीत होते, कालवाच्या शिंपेनं कापलं, पाय सडला, अलिबागला नेऊन बोटं काढली. लंगडायची थोडी." तिने मोबाईल मला परत दिला. "तुमी बगितला नाय कधी?"

नाही. दोन वर्षं मी त्या बाईचे फोटो काढले. उजेड त्यांच्या खांद्यावर कसा पडतो, लुगड्याची घडी खडकाच्या रेषेला कशी मिळते, सगळं पाहिलं. पाय पाहिले नव्हते. त्या लंगडायच्या हेही मला माहीत नव्हतं. मी सांगायचो तेव्हा त्या उभ्या असायच्या.

घरी येऊन त्यांचे सगळे जुने फोटो काढून पाहिले. बहुतेकांत पावलं पाण्याखाली आहेत. एकात आहेत. रंजना म्हणाली तशीच.

नंतर मी बायकांना सांगितलं. जिच्या गुडघ्याला लागलं होतं ती ऐकून म्हणाली, मेलेल्या बाईचं नाव आता धुऊन काय होणार, आणि कोयतीला धार लावत बसली. चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी बसवून घेतलं, प्रकरण मिटलेलं आहे म्हणाले, आणि तब्येतीला जपा असं सांगून परत पाठवलं. लेखी अर्ज मी ठेवून आलो आहे. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. रंजनाला पुन्हा भेटलो नाही. ती भेटू नका असं म्हणाली नव्हती, पण मीच गेलो नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारणार म्हणून सांगून टाकतो. फोटोतल्या पावलांची लांबी मी शेजारच्या खडकांवरून मोजून काढली. पुरुषाची आहेत. नऊ नंबरची असावीत. माझा नंबर नऊ आहे. पण नऊ नंबर हजारो माणसांचा असतो, आणि त्या सकाळी मी बूट घातलेले होते, आणि पाण्याच्या कडेला मी उभा नव्हतो. तिथे त्या उभ्या होत्या. माझी पावलं तिथे यायचं काही कारण नाही. दुसऱ्या कोणाची यायचंही कारण नाही. आरिफला हे सांगितलं तर तो फक्त "तौबा" म्हणाला आणि दुकानातलं गिऱ्हाईक बघायला उठला.

अजून मी महिन्यातून एकदा जातो. फ्रेम लावतो, चार मिनिटं मोजतो. पावलं उमटतात. खरं सांगितल्यावर ती थांबतील अशी आशा होती, थांबली नाहीत. का उमटतात ते मला कळलेलं नाही आणि कोणाला कळलं तर त्यांनी कळवावं, असंही आता वाटत नाही. जोवर ती पावलं मावशींची होती तोवर मला घाबरायला, माफी मागायला कोणीतरी होतं. आता तिथे जाऊन मी काही बोलत नाही. सव्वा वर्ष मी ज्यांच्याशी बोललो त्या तिथे कधी आल्याच नव्हत्या.